रोमला जा, पण राजूरला परत या

वारसा जपायला शिकण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांची ‘सहल’ म्हणून चेष्टा होते. ती सरसकट करणे बरोबर नाही. रोममधली ‘इक्रोम’ ही आंतरराष्ट्रीय संस्था 1959 पासून काम करते आणि संवर्धकांसाठी अल्प मुदतीचे अभ्यासक्रम घेते. चार आठवड्यांत कुणी दगडाचा वैद्य होत नाही. पण आधी नोंद, मोजमाप, छायाचित्र आणि मगच डागडुजी, ही शिस्त अंगी बाणू शकते.

प्रश्न परतल्यावरचा आहे: ही शिस्त वापरायची कुठे?

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या परिसरात रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर आहे. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले; त्यांत हरिश्चंद्रगड नाही, रतनगडही नाही. पावसाआधी काजवे पाहायला मात्र भंडारदऱ्यात गाड्यांची रीघ लागते. गर्दी किती सोडायची, दिवे कुठे विझवायचे, पैसा कोणाच्या हाती जायचा? वारसा-व्यवस्थापन ते हेच. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली; 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जपणूक त्यांच्याकडेही शिकायला जावे.

शासनाने परदेशी अभ्यासाला पैसे जरूर द्यावेत, पण अट घालावी: परतल्यावर सहा महिने अशा तालुक्यात काम, आणि अहवाल मराठीत, ग्रामसभेपुढे.