दिवे लागले, पण निरोप जाईना

वाचकहो, रात्रीची जेवणे आटोपली आहेत, मुले अभ्यासाला बसली आहेत आणि नेमके त्याच वेळी घरातील इंटरनेट बंद पडले आहे, हा प्रसंग आपणांस अपरिचित नसेल. अशा वेळी आपण कोपऱ्यातील त्या पेटीवर, म्हणजे राउटरवर, एक चापट मारतो, तिची वायर काढून पुन्हा लावतो आणि मग कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. मीही आजवर तेच करीत आलो होतो. कुंभकोणम् येथे मात्र मला निराळी रीत पाहावयास मिळाली.

कुंभकोणम् हे तंजावरच्या मुलखातील कावेरीकाठचे गाव. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले, आणि त्या काळी दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. मी उतरलो होतो ते घर अशाच एका कुटुंबाचे. त्यांची मराठी तमिळ वळणाची. पहिल्या दिवशी मला ती निम्मीच उमगली.

त्या घरची थोरली मुलगी सीसीएनए या परीक्षेच्या तयारीत होती. संगणकांचे जाळे जोडणारी यंत्रे बनविणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी १९९८ पासून ही परीक्षा घेत आहे. वेळ १२० मिनिटे. एकदा उत्तर देऊन पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परत जाता येत नाही. शुल्क २०२४ साली ३०० डॉलर होते, म्हणजे सुमारे पंचवीस हजार रुपये, आणि वर कर निराळा. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, आणि नापास झाल्यास शुल्क पुन्हा भरावयाचे. इतकी रक्कम पणास लागली म्हणजे आडवाटेचा मोह पडतो. मुलीलाही कोणी हितचिंतकाने फुटलेल्या प्रश्नांचा गठ्ठा आणून दिला होता. परीक्षेस बसणारा प्रत्येक जण प्रश्न बाहेर न सांगण्याचे कबूल करून बसतो. तेव्हा असा गठ्ठा म्हणजे चोरीचाच माल, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीने तो उघडला नव्हता.

परीक्षा आणि कुंभकोणम् म्हटले की रामानुजन आठवावयाचेच. तेथील सरकारी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली होती. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील त्यांचे घर आता पाहावयास खुले आहे.

तर त्या रात्री इंटरनेट गेले. धाकटा भाऊ टाचणी घेऊन पेटीमागच्या बारीक भोकाकडे धावला. मुलीने त्याचा हात धरला. पेटी बंद करून पुन्हा चालू करणे निराळे आणि ते भोक दाबणे निराळे, हे वाचकांनीही ध्यानात ठेवावे. भोक दाबले की पेटीत साठविलेल्या साऱ्या जोडण्या पुसल्या जातात. कंपनीने दिलेले नाव व संकेतशब्द घरी लिहून ठेवलेले नसतील तर साधा बिघाड दोन दिवसांचा होतो.

मग तिने खालून वर जावयास आरंभ केला. या विद्येत जाळ्याचे सात थर कल्पिले आहेत. सर्वांत खालचा थर तारेचा आणि प्रकाशाचा, सर्वांत वरचा आपण डोळ्यांनी पाहतो त्या पानांचा. तिने प्रथम दिवे पाहिले. काचतंतूची तार तुटली किंवा फार मुरडली तर पेटीवर बहुधा लाल दिवा लागतो. तो लागलेला नव्हता. नंतर तिने आपल्या संगणकास मिळालेला पत्ता पाहिला. तो १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे घरातील पेटीने तो रीतसर दिला होता. (तेथे १६९.२५४ दिसते, तर संगणकास कोणी पत्ताच दिला नाही, असे समजावे.) पुढे तिने पेटीला ‘पिंग’ केले. हा छोटा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुडी शोधणारे यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसा हा निरोप पाठवून उत्तराची वाट पाहतो. पेटीने उत्तर दिले. मग तिने घराबाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला हाक दिली. तेथूनही उत्तर आले!

“अप्पा, रस्ता ठीक आहे,” ती म्हणाली, “नावे हरवली आहेत.”

गोष्ट अशी की, संकेतस्थळांची नावे आपल्यासाठी असतात. यंत्रांना केवळ अंक कळतात. नावावरून अंक सांगणारी एक वही असते, तिला डीएनएस म्हणतात. कंपनीची ती वही त्या रात्री उत्तर देत नव्हती. ८.८.८.८ येथे अशीच एक सार्वजनिक वही आहे. मुलीने पेटीत तो पत्ता नोंदविला आणि पाने उघडू लागली. सारे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील.

अप्पांस अर्थातच धन्यता वाटली. ही परीक्षा घरबसल्याही देता येते. प्रवासाचा खर्च वाचेल, म्हणून त्यांनी तसेच ठरविले होते. “बिघाड झालाच तर तू आहेसच दुरुस्त करायला,” ते म्हणाले. त्यावर मुलीने जे सांगितले ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. घरी परीक्षा देताना दूरचा निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. खोलीत दुसरे कोणी येऊ नये, परीक्षार्थीने जागा सोडू नये. जाळे तुटले तर जाळ्याचीच परीक्षा देणाऱ्या मुलीला उठून पेटीपाशी जाता येणार नाही, आणि तुटलेली परीक्षा पुढे चालेलच अशी खात्री नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईने भिंतीवरचे पंचांग काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवले, आणि परीक्षाकेंद्राच्या शहरी जाणाऱ्या सकाळच्या गाडीची चौकशी सुरू झाली.