धुवावेत, पण कुणी?

मैत्रिणींनो, आरोग्याच्या पत्रकांचं व्याकरण कधी नीट पाहिलंय का? ‘टॉवेल, चादरी, आतले कपडे गरम पाण्यात धुवावेत. कडक उन्हात वाळवावेत.’ वाक्यं बरोबर आहेत, फक्त त्यांना कर्ता नाही. कुणी धुवावेत ते लिहिलेलं नसतं, कारण लिहायची गरज कुणाला वाटत नाही. नवऱ्याच्या जांघेत गजकर्ण झालं की डॉक्टर त्याला मलम लिहून देतात आणि मान वळवून बायकोला सांगतात, ‘याचे कपडे रोज उकळत्या पाण्यातून काढा.’ औषध त्याला, पथ्य तिला.

माझं भांडण स्वच्छतेशी नाही. टॉवेल धुवायलाच हवा, आणि का ते आपल्याला ठाऊक हवं. अंग पुसताना कातडीचे बारीक कण, घाम आणि तेलकटपणा टॉवेलला लागतो. वर तो ओला. दमट, उबदार, खायला भरपूर. जंतूंना आणखी काय हवं? कुबट वास येतो तो त्यांच्याच वाढीचा. गजकर्णाची बुरशी तर कातडीच्या गळालेल्या खपल्यांतून कापडावर महिनोन् महिने टिकू शकते. गेल्या दहा-बारा वर्षांत हे गजकर्ण देशभर चिवट झालं आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या एका बुरशीचं नावच ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ पडलंय. आपल्या देशाचा असा गौरव! मेडिकलमधून कुणालाही न विचारता आणलेली स्टेरॉइडची मिश्र मलमं हे त्यामागचं एक मोठं कारण. खाज थांबते, बुरशी आतून पसरते. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठी कोण मागतं, ते आपण आपल्या बाजारपेठेत पाहतोच.

मग किती वेळा धुवायचा? निरोगी माणसाचा स्वतःचा टॉवेल प्रत्येक वेळी खडखडीत वाळत असेल तर तीन-चार वापरांनंतर धुतला तरी चालतो. पावसाळ्यात दोर्‍या घरात येतात, टॉवेल वाळत नाहीत, तेव्हा लवकर. घरात कुणाला गजकर्ण किंवा खरूज असेल तर त्याचा वेगळा, आणि तो प्रत्येक वापरानंतर, गरम पाण्यात. खरजेचा किडा मात्र माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. त्यामुळे जी वाकळ धुणं शक्य नाही ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कोपऱ्यात ठेवली तरी काम होतं. थेंबभर पाणी लागत नाही. हे मात्र पत्रकात क्वचितच छापलेलं असतं. आणि खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, ज्याला खाजतंय त्यानं एकट्यानं नाही. नाहीतर टॉवेल कितीही उकळा.

आता ‘रोज धुवा’ याचा हिशेब आपल्या जिल्ह्यात मांडून पाहू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली पूर्णाकाठची बरीच गावं खारपाणपट्ट्यात येतात. तिथल्या विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. वडी झिजते, कापड कडक होतं, पांढुरके डाग राहतात. फेस येत नाही म्हणून पुन्हा साबण, साबण निघत नाही म्हणून पुन्हा पाणी. वरच्या बाजूला घाटावर, चिखली-देऊळगाव राजाकडे, पाणी गोडं पण उन्हाळ्यात पाहावं तर टँकरची वाट. जलजीवन मिशनचं माप आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५. एक जाड टॉवेल धुऊन खंगाळायला पंधरा लिटरची एक बादली धरली, तर पाच टॉवेलांना ७५ लिटर. म्हणजे नळ रोज, पूर्ण आला तरी चौथाईहून जास्त पाणी नुसत्या टॉवेलांत गेलं. आणि नळ आला नाही तर ते पाच हंडे कुणाच्या डोक्यावरून येतात? शिवाय ते तापवायचं. तो जाड टॉवेल भिजला की दीड-दोन किलोचा होतो. पिळताना मनगटं धरतात. आमच्या बैठकीत हात दुखतात म्हणणाऱ्या बायकांना मी विचारते, तुमच्या घरी टर्किश टॉवेल कधी आले? बहुतेक वेळा ते लग्नाच्या आहेरातून आलेले असतात. त्याआधी पंचे होते. पंचा हलका, थोड्या पाण्यात निघणारा, तासाभरात वाळणारा. आपल्या हवापाण्याला तोच शहाणा. हॉटेलातले मऊ झगे नि फुलाफुलांचे जाड टॉवेल ज्यांच्याकडे मशीन आणि पाणी दोन्ही आहे त्यांना लखलाभ.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे. संग्रामपूरकडच्या एका बचत गटात मी टॉवेलांची मोजणी करायला सांगितली. प्रत्येकीनं आपल्या घरात टॉवेल किती नि ते कुणाकुणाचे हे सांगायचं. हसत हसत सुरू झालं. सासऱ्याचा एक. नवऱ्याचा एक, शिवाय खांद्यावरचा गमछा. पोरांचा मिळून एक. एकीनं मोजणी संपवली तेव्हा मी म्हटलं, ‘आणि तुमचा?’ ती म्हणाली, ‘मले काहाले पाह्यजे? मले पदर हाये नं.’ हसणं थांबलं. मग कळत गेलं की बऱ्याचजणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं किंवा सगळ्यांचं झालं की पोरांच्याच ओल्या टॉवेलानं अंग पुसतात. आंघोळही शेवटी, उरलेल्या पाण्यात, घाईत. ओल्याच अंगावर परकराची नाडी आवळायची आणि चुलीपुढे बसायचं. कमरेचा नाडीखालचा पट्टा आणि छातीखालची घडी या जागी त्यांना खाज असते, ती दाखवायची कुणाला? सगळ्या घराचे टॉवेल धुणारीला स्वतःचा टॉवेल नाही. एकाचा टॉवेल दुसऱ्यानं वापरू नये, या सल्ल्यात प्रत्येकाकडे एक असतो असं गृहीत आहे.

आणि ऊन? तेही वाटून मिळतं. नवऱ्याचा गमछा अंगणात, भर उन्हात, रस्त्यावरून दिसेल असा. बाईचं पाळीचं कापड मात्र साडीच्या घडीखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, अंधारात. ज्या कापडाला साबण, ऊन नि वारा यांची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते मिळू द्यायचं नाही. दमट कापड पुन्हा अंगाशी, पुन्हा खाज. पत्रकातलं ‘उन्हात वाळवावेत’ हे वाक्य इथं येऊन लाजतं. आपण लाजू नये. पॅड घ्या असं सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण कापड वापरणाऱ्या बायका आजही आहेत, आणि नीट धुतलेलं, नीट वाळलेलं सुती कापड वाईट नाही.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस पाहता पाहता झडू लागले. तेव्हा पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर आला. संशय घेणं चूक नव्हतं, तपास तसाच सुरू होतो. पण गावात बुरशी हा शब्द पसरला की त्याचा अर्थ ‘या घरची बाई अस्वच्छ’ असाच लागतो, हे आपल्याला सवयीनं माहीत आहे. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. धान्य आणलेलं बाहेरून, वाटलेलं सरकारी दुकानातून. तिथं मोरीवरच्या बाईचा काय संबंध?

आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की जे दोष बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय. बाईच्या अस्वच्छतेवर बोलणाऱ्याला आज तेच विचारायला हवं. खांद्यावरचा गमछा दिवसभर घाम पुसतो, हात पुसतो, टपरीच्या बाकावरची धूळ झटकतो, दुपारी तोंडावर झोपतो, संध्याकाळी त्यानंच पोराचं नाक पुसलं जातं. तो कधी धुतला, हे त्याच्या मालकाला विचारून पाहा. त्याला माहीत नसतं. खुंटीवर स्वच्छ सापडतो, एवढंच माहीत असतं.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, हिंसा, हुंडा, रोजगार असे प्रश्न असताना टॉवेल कुठं घेऊन बसलीस? केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होते, पुरुषाचे ९७. २०२४ साली बाईचे २८९, पुरुषाचे ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानं लगेच स्वतःची नऊ काढून घेतली! ही मिनिटं अशीच बनतात, एकेका टॉवेलानं. आणि जिला खाज दाखवायला वेळ नाही ती बैठकीला कुठून येणार?

वर सांगितलेल्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. गटाच्या पैशातून पंचे घाऊक आणायचे, घरातल्या प्रत्येक माणसाला दोन, बाईसकट. दहा वर्षांवरच्या प्रत्येकानं, मुलगा असो की सासरा, आंघोळ झाली की आपला पंचा आपणच खंगाळून दोरीवर टाकायचा. अंथरुणाला खिळलेल्याला सूट. आणि पाळीच्या कापडासाठी उन्हातली एक दोरी राखायची. तिसऱ्या ठरावावर सगळ्यात जास्त वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. दुसऱ्यावर एकीच्या नवऱ्यानं पंचा धुतला पण पिळलाच नाही, त्याचं पाणी दारात ठिबकत राहिलं, अशी तक्रार आली. बायकांचं म्हणणं पडलं की आपण पिळून द्यायचा नाही, ठिबकू द्यायचा. आरोग्य उपकेंद्रात एक निवेदन दिलं आहे: यापुढे कपड्यांबाबतचा सल्ला ज्याला आजार आहे त्याच्याकडे पाहून द्यावा, आणि पत्रकात ‘रुग्णानं स्वतःचे कपडे धुवावेत’ असं छापावं. उत्तर आलेलं नाही. तुमच्या गटात टॉवेलांची मोजणी करून पाहा आणि काय निघालं ते अंकाकडे लिहून पाठवा.