घोकलेला डीसीएफ आणि थकलेलं अनुदान

खान्देशातल्या एमबीए-बीकॉमच्या मुलांना एक उपदेश हमखास मिळतो : फायनान्सची मुलाखत द्यायची तर पुणं-मुंबई गाठा, क्लास लावा, प्रश्नसंच घोका; जळगाव-धुळ्यात बसून हे कळत नाही.

यातलं घोकणं मला मान्य आहे. उदाहरणार्थ, घसारा 10 रुपयांनी वाढला, कर 25 टक्के. नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड प्रवाह या तिन्ही पत्रकांत काय होईल? करासाठीही तोच घसारा धरला, तर नफा साडेसात रुपयांनी घटतो आणि रोकड अडीच रुपयांनी वाढते. हे उत्तर झोपेतून उठवलं तरी यायला हवं.

पण पुढचा प्रश्न येतो, ‘नफा दिसतोय, मग पैसा कुठे आहे?’ इथे घोकंपट्टीवाला डीसीएफचं, म्हणजे पुढच्या रोकडीवरून आजचं मूल्य काढण्याचं, सूत्र पुन्हा म्हणू लागतो. ठिबक सिंचन बसवलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने मात्र उत्तर घरातच ऐकलेलं असतं : अनुदान अडकलंय. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान. ते ठिबक कंपनीमार्फत यायचं असेल, तर विक्री आज वहीत चढते आणि पैसे सरकारी फायलीबरोबर फिरतात. समजा, वर्षाची विक्री 100 कोटी आणि येणी 180 दिवसांची. म्हणजे सुमारे 49 कोटी अडकले. ते 12 टक्क्यांनी उसने आणले, तर जवळपास 6 कोटी व्याजातच गेले.

ठिबक बनवणाऱ्या जळगावच्या जैन इरिगेशनचे जुने वार्षिक अहवाल या नजरेने वाचावेत. 2019मध्ये कंपनीची कर्जफेड थकली, 2022मध्ये कर्जाची फेररचना झाली, 2023मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला. येणी, खेळतं भांडवल, कर्ज, मालमत्ता विकून बोजा हलका करणं : मुलाखतीतल्या केस स्टडीत विचारतात ते सगळं एकाच कंपनीत सापडतं, आणि हे अहवाल फुकट मिळतात. क्लासची फी मात्र बापाच्या केळीच्या पट्टीतून जाते.

‘इथे फायनान्सची परंपरा कुठे?’ असंही विचारतात. आजची विप्रो 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरात जन्मली, तेव्हा ती वनस्पती तेलाची कंपनी होती. तिचे शेअर वर्षानुवर्षं न विकता बसलेली कुटुंबं त्या गावात आहेत. अर्थात, घरात शेअर असला म्हणून ताळेबंद वाचता येतो असं नाही. तो बसून वाचावाच लागतो.

राहिला इंग्रजीचा मुद्दा. अडचण खरी आहे, पण केसमध्ये परीक्षक उच्चार नव्हे, निर्णय शोधतो. तीन तास एक्सेलमध्ये घालवून ‘दोन्ही बाजू आहेत’ असं लिहिणारा अस्खलित बोलला तरी घरी जातो. अशा कंपनीला कर्ज द्यावं का, असा प्रश्न असेल तर पहिल्याच ओळीत ‘कर्ज द्यावं, पण 90 दिवसांपुढची येणी तारणात धरू नयेत’ असं लिहावं आणि खाली आकडे मांडावेत. मग ‘90च का?’ असं विचारलं, की अनुदानाची फाईल कुठे आणि किती अडकते ते सांगावं.