सध्या काय वाचता?

दोन माणसे भेटली म्हणजे एकमेकांना कोणते प्रश्न विचारतात, यावरून त्या समाजाच्या मनात काय चालले आहे ते कळते. नांदेड-लातूरकडे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, एखाद्याच्या घरी लग्नकार्य निघाले किंवा विहारात वंदनेनंतर मंडळी पायऱ्यांवर विसावली, की प्रश्न ठरलेले असतात. बदली कुठे झाली? प्लॉट घेतला का? मुलाला नीट परीक्षेत किती गुण पडले? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. ज्यांच्या आजोबांना बदली आणि बढती हे शब्दही ठाऊक नव्हते, त्यांच्या नातवंडांनी ही चौकशी करावी, यामागे मोठा संघर्ष आहे. परंतु या यादीत एक प्रश्न जवळजवळ नसतो. तो म्हणजे, 'सध्या काय वाचता?' हा प्रश्न विचारणे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देणे ही आपल्यातील वाचणाऱ्यांची परस्परांविषयीची जबाबदारी आहे, असे आमचे मत आहे. शाळेच्या या स्मरणिकेत ते मांडण्याचे कारण एवढेच, की आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक याच वसतिगृहात आले.

आपल्याकडे पुस्तक आले ते वारशाने नव्हे; कोणीतरी हाती दिले म्हणून आले. याचे सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांचेच आहे. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा शाळकरी भीमराव कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. पुढे त्याने परीक्षा उत्तीर्ण केल्याबद्दल सत्काराची सभा झाली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, बाबासाहेबांनी या भेटीचा उल्लेख आवर्जून केला. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे सांगताना त्यांनी आपल्या पदव्या पुढे केल्या नाहीत. आपण काय वाचले आणि ते कोणी दिले, हे सांगितले. एका शिक्षकाने एका मुलाला 'हे वाच' म्हटले नसते, तर 14 ऑक्टोबर 1956 चा दिवस कोणत्या वाटेने आला असता, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मराठवाड्याची गोष्टही याहून वेगळी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि मराठी बोलणाऱ्या गरिबाच्या पोराला शाळेची पायरी दोनदा परकी होती. एकदा जातीमुळे, एकदा भाषेमुळे. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. नागसेनवनाच्या त्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतील मुले गोळा झाली आणि एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या उशाशी जाऊ लागले. त्याच परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' 1979 मध्ये, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये, आणि आपल्या लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 मध्ये. 'बलुतं' आणि 'उपरा' प्रसिद्ध करणारी 'ग्रंथाली' ही संस्था स्वतःला वाचक चळवळ म्हणवीत असे, हे नाव अर्थपूर्ण आहे. ही पुस्तके वस्त्यांपर्यंत पोहोचली ती मोठ्या जाहिरातींच्या बळावर नव्हे. एकाने अर्धे वाचून दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने मागून नेले, तिसऱ्याने ते परतच केले नाही, असा त्यांचा प्रवास झाला.

आज चित्र पालटले आहे. पुस्तके पूर्वीपेक्षा अधिक आहेत, घेण्याची ऐपतही अधिक आहे. सांगणे मात्र थांबले आहे. आमच्या मते याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण आपल्या दोन्ही शहरांना चांगलेच परिचित आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला, आणि नांदेडही शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले. त्यासोबत गल्लोगल्ली अभ्यासिका उभ्या राहिल्या. वाचनालय आणि अभ्यासिका यांतील फरक नीट पाहावा. वाचनालयात कपाट सर्वांचे असते, आणि शेजारच्याच्या हातातले पुस्तक पाहून 'हे कसे आहे?' असे विचारता येते. अभ्यासिकेत प्रत्येकजण आपापली पुस्तके घेऊन लाकडी आडोशात बसतो. शेजारी काय वाचतो हे विचारण्याचे कारणच उरत नाही, कारण सगळे तेच वाचीत असतात. परीक्षा झाली की ती पुस्तके रद्दीत जातात आणि पुष्कळदा वाचनही त्यांच्याबरोबर जाते.

येथे पालक म्हणतील, 'आमच्या पोराला आधी डॉक्टर होऊ द्या, मग कथा-कादंबऱ्या.' ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या आईने अंगावरचे किडूकमिडूक मोडून शिकवणीची फी भरली, तिला एकेक तास मोलाचा वाटणारच. परंतु आम्ही अभ्यासाचा तास मागत नाही. जेवणाच्या पंगतीत, फोनवर, सुटीत घरी आल्यावर दोन वाक्ये बोलण्याइतकाच वेळ मागतो. शिवाय, जे मूल सतरा-अठराव्या वर्षापर्यंत केवळ विचारले जाणारेच वाचते, त्याला न विचारलेले वाचण्याची गोडी पुढे कोण लावणार? उद्या ते डॉक्टर झाले आणि रुग्णाच्या घरची परिस्थिती त्याला समजली नाही, तर ती उणीव कोणत्या प्रवेश परीक्षेने भरून निघेल?

दुसरे कारण बोलायला अवघड आहे, म्हणूनच ते बोलले पाहिजे. आपल्याकडे वाचणारा माणूस आपण काय वाचतो ते लपवितो. कोणी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचीत असतो, कोणी खांडेकर, कोणी शेतीविषयक मासिक, कोणी एखादे असे पुस्तक की ज्याच्याशी चळवळीचे वैर आहे. चारचौघांत विचारले, की तो चटकन बाबासाहेबांच्या ग्रंथाचे नाव घेतो. कारण दुसरे नाव घेतल्यास 'हे काय वाचता? आधी खंड वाचा' असे ऐकावे लागेल, हे त्याला माहीत असते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आपल्या घराघरांत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांतील किती काचेच्या कपाटातून बाहेर आले? इंग्रजी खंडाच्या चाळिसाव्या पानावर एखादा थबकला असेल, तर 'मला येथून पुढे समजत नाही' असे तो कोणाला सांगू शकतो का? सांगू शकला, तर शेजारचा प्राध्यापक किंवा बँकेतली ताई त्याला ते पान समजावून देईल. लपविले, तर खंड पूजेचा होतो आणि वाचक कायमचा चाळिसाव्या पानावर राहतो.

बाबासाहेब स्वतः केवळ आपल्या मताचे ग्रंथ वाचीत नव्हते. ज्यांचे खंडन करावयाचे ते ग्रंथ त्यांनी अधिक बारकाईने वाचले. कालामांना उपदेश करताना तथागतांनीही परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, असेच बजावले होते. अशा शास्त्याच्या अनुयायांत पुस्तकाचे नाव घ्यायला कोणी बिचकत असेल, तर दोष त्या वाचकाचा नव्हे, त्याच्याभोवती बसलेल्या आपल्या सर्वांचा आहे.

तिसरे कारण अलीकडचे. मोबाइलच्या स्टेटसवर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र ठेवले, की सांगण्याचे कर्तव्य पार पडले, असे वाटू लागले आहे. मुखपृष्ठ दाखविणे म्हणजे पुस्तकाविषयी बोलणे नव्हे. त्यातून आपण वाचक आहोत एवढेच कळते. पुस्तकाने आपले काय केले, ते कळत नाही.

मग करावे काय? यासाठी नवी संस्था, नवी वर्गणी, नवा अध्यक्ष यांची गरज नाही. आपल्या परंपरेत याची व्यवस्था आधीच आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आजीबाईही दरवर्षी ऐकून ऐकून कोणत्या प्रकरणानंतर काय येते ते सांगू शकतात. सामुदायिक वाचनाचा असा जिवंत प्रघात फार थोड्या समाजांत असेल. त्या वाचनानंतर आठवड्यातून एक दिवस दहा मिनिटे राखून ठेवावीत, आणि दोघा-तिघांनी आपण सध्या काय वाचीत आहोत ते सांगावे, एवढीच आमची सूचना आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खुसंघात पवारणा होते. माझ्यात पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला दोष असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू इतरांना करतो. आपणही आश्विन पौर्णिमेला वाचनाची पवारणा करू शकतो. या तीन महिन्यांत मी हे वाचले, हे समजले नाही, येथे मला शंका आहे. कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

सांगण्याची रीतही साधी असावी. पुस्तकाचे नाव काय, कुठवर आलो, आणि कुठे अडलो किंवा कशाने विचारात पडलो, एवढ्या तीनच गोष्टी. पुस्तक संपलेले असण्याची अट नको. संपलेल्या पुस्तकाविषयी माणूस भाषण करतो, चालू पुस्तकाविषयी तो बोलतो. कोणाच्याही पुस्तकाला हसू नये, हा एकच नियम असावा. शाळेच्या ग्रंथालयात एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात मुलांनी, शिक्षकांनी, भेटीस आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या तीन गोष्टी लिहाव्यात. मुख्याध्यापकांचे पान आणि पाचवीतल्या मुलाचे पान एकाच वहीत असावे. पाचवीतल्या मुलाला त्या वहीतून जे कळेल, ते वाचनाचे महत्त्व सांगणाऱ्या दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांनी यात आपले काम नाही असे समजू नये. खरे तर त्यांचे काम सर्वांत मोठे आहे. मूल सुटीत घरी आले, की 'बाळा, काय वाचायलास? कुठवर आलास? मला सांग बरं,' असे विचारण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. ज्या मुलाला आईला समजेल अशा भाषेत पुस्तक सांगता येते, त्याला ते पुस्तक समजले असे खुशाल मानावे.

दुसऱ्याला सांगा म्हणायचे आणि आपण गप्प राहायचे, हे बरे नव्हे. आम्ही सध्या 'उचल्या' पुन्हा वाचीत आहोत. अजून सुरुवातीच्याच भागात आहोत. घराण्यातला पहिला मुलगा शाळेत जातो, आणि वस्तीतील पोरे आजारी पडली म्हणून त्याचे खापर त्याच्या शाळेत जाण्यावर फोडले जाते, त्या ठिकाणी आम्ही अडलो आहोत. आपल्या वस्त्यांतील पहिला मुलगा शाळेत जाऊन आता दोन-तीन पिढ्या झाल्या. परंतु लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर पालांत राहणाऱ्या कितीतरी घरांत तो पहिला मुलगा अजून शाळेत जायचा आहे. त्याच्यासाठी आपल्या या वसतिगृहात किती खाटा आहेत, हा प्रश्न त्या पानाने आमच्यापुढे टाकला आहे. उत्तर आमच्याजवळ नाही. ते एकट्याने शोधावयाचेही नाही, म्हणूनच येथे सांगितले.

चालू पुस्तकाविषयी बोलण्याचे बळ हेच आहे. एकाच्या पुस्तकातील प्रश्न सर्वांचा होतो. कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणाले, तेव्हा अर्धा नव्हे, संपूर्ण धम्मजीवनच ते आहे, असे तथागतांनी त्यांना सांगितले. ज्याला आपले अपुरे वाचन निःसंकोच सांगता येते, तो वाचकाचा कल्याणमित्र होय.

पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर येथे धम्म परिषद भरेल. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जाणारी आपली माणसे दरवर्षीप्रमाणे पिशव्या भरून पुस्तके आणतील. ती पिशवी उघडल्यावर पुढे काय होते, याची चौकशी यंदापासून आपण करू या. या स्मरणिकेच्या निमित्ताने ज्या जुन्या वर्गमित्राचा फोन नंबर पुन्हा हाती लागेल, त्याला ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर हाही प्रश्न अवश्य विचारावा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावे.