झेरॉक्समधला एक्स

हॉस्टेलवर जुळ्या बहिणी राहायला आल्या की पहिला आठवडा 'ओळख पाहू, ही कोण?' यातच जातो. मग सुरू होते तुलना. 'तुझी बहीण बघ कशी टुणटुणीत! तुलाच बरं दर महिन्याला चार-चार दिवस लेक्चर बुडवायला लागतं?' तिला नाटकी ठरवून आपण मोकळे. पण मंडळी, झेरॉक्स वाटणाऱ्या या दोघी आतून सारख्या असतीलच असं नाही.

मुलीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक बाबांकडचं. गर्भ अगदी काही दिवसांचा असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक जवळजवळ पूर्ण बंद करते. कुठलं? चक्क टॉस! आणि तो निकाल त्या पेशीपासून होणाऱ्या सगळ्या पेशी पाळतात. ब्रिटनच्या मेरी लायन यांनी १९६१ साली हे मांडलं. आता नाणं हजारदा उडवलं तर छापा-काटा साधारण निम्मे-निम्मे. पण दहादाच उडवलं तर आठ-दोनही पडू शकतात. सुरुवातीला पेशी थोड्याच असतात, आणि जुळ्या बहिणींचे टॉस वेगवेगळे होऊ शकतात.

रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर आठ'चं जनुक याच एक्सवर आहे. ते बिघडलं की मुलाला हिमोफिलिया होतो. मुलगी मात्र 'नुसती वाहक' असं आपण धरून चालतो. पण तिच्या बहुतेक पेशींत चांगलं एक्सच बंद पडलं असेल तर? फॅक्टर कमी पडतो, पाळीत खूप रक्त जातं, दात काढला तरी रक्त थांबत नाही. बहिणीला यातलं काहीच नसेल. तरी सदोष जनुक दोघींकडे असतं आणि मुलांत उतरण्याची शक्यताही सारखीच. म्हणजे एकीचा त्रास खोटा नाही आणि दुसरीही निर्धास्त राहू शकत नाही.

तपासणीसाठी फार लांब जायला नको. घाटकोपर किंवा मुलुंडहून स्लो लोकलने परळ गाठा. तिथे केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ साली सुरू झालेली ही संस्था रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते.

प्रत्येक जास्त रक्तस्रावामागे हिमोफिलियाच असतो असं मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलगी त्रास होतोय म्हणाली तर तिला डॉक्टरकडे न्या. रेक्टर मॅडमनीही आणि आपणही. तिची बहीण ठणठणीत आहे हा काही रिपोर्ट नव्हे!