आयता रणगाडा

हवेत तरंगणारे रणगाडे अद्याप कोणत्याही रणांगणावर उतरलेले नाहीत. ते उतरतात मेजावर. भविष्यकालीन युद्धांचे खेळ खेळणारी मंडळी पेराएवढे सैनिक आणि त्यांच्या जोडीला ही बिनचाकी वाहने रंगवून मांडतात. याला पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एच. जी. वेल्स याने १९१३ सालीच ‘लिटल वॉर्स’ लिहून उत्तर दिले आहे. खेळातले युद्ध कोणाचे घर उजाड करीत नाही, हे पुढल्याच वर्षी पेटलेल्या महायुद्धाने जगाला पटविले. आमचे भांडण या टीकाकारांशी नाही. ते आहे आयती पेटी विकत आणून, चित्राबरहुकूम भाग चिकटवून, त्यालाच निर्मिती म्हणणाऱ्या छंदिष्टांशी.

वस्तुतः तरंगत्या वाहनाइतके स्वहस्ते करण्यास सोपे वाहन नाही. त्याला चाके नाहीत, पट्टे नाहीत. संगणकाचा निकामी माउस हे त्याचे धड, बॉलपेनची रिकामी रिफिल ही तोफेची नळी, औषधाच्या बाटलीचे झाकण हा बुरूज. सांधे पुटीने बुजवावेत, पॉलिश कागदाने घासावेत आणि सर्वांवर अस्तराचा एकच रंग द्यावा. भंगाराची मूळ ओळख पुसली जाते. खाली पारदर्शक प्लास्टिकची काडी बसविली की वाहन अधांतरी उभे राहते. रंगविताना मात्र विचार हवा. वाहन हवेच्या उशीवर चालणारे असेल तर धुरळा उडणार. त्याची रबरी झालर धुळीने माखलेलीच हवी. ते गुरुत्वाकर्षणालाच जुमानीत नसेल तर तळ स्वच्छ शोभेल. हा निर्णय पेटीवरील चित्राने घेतला, तर आपल्याकडे उरते ती केवळ मजुरी.

आयत्या पेटीत सफाई असते, हे आम्हांस मान्य आहे. पण या वाहनाचे कूळच मुळी रिकाम्या डब्यांचे! ख्रिस्तोफर कॉकेरेल याने १९५५ च्या सुमारास एका डब्यात दुसरा डबा बसवून, मधल्या फटीतून हवा सोडून आपली कल्पना पारखली. २५ जुलै १९५९ रोजी त्याच तत्त्वावरचे खरे यान इंग्लिश खाडी ओलांडून गेले. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ १९८७ साली निघाला, तेव्हा आरंभीच्या काळात गेम्स वर्कशॉप कंपनीनेच डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा तरंगता रणगाडा करून दाखविला होता. आज तिच्या अधिकृत स्पर्धांत तिच्याच प्रतिमा लागतात. व्यापाऱ्याने व्यापार करावा. खेळणाऱ्यांनी त्यालाच धर्म का मानावा?

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. दुसऱ्याने आखलेल्या नमुन्यांतले रकाने दिवसभर भरतो. संध्याकाळीही रकानेच भरावयाचे काय? मराठी माणसाला तर हे सांगावे लागू नये. दगडमाती आणि गोणपाट यांचा दिवाळीचा किल्ला, त्यावर पेरलेले हळीव, ही आमची जुनी शाळा आहे. आता तोही बाजारात आयता मिळू लागला आहे. पांढरपेशाच्या हाताला लेखणीपलीकडचे काही येत नाही, हा टोमणा खरा करण्याचाच हा मार्ग.

पेटी घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. पहिले वाहन तरी टाकाऊतून करा. ते वाकडे होईल. पण त्याचा तळ धुळकट असावा की स्वच्छ, हे तुम्ही ठरविलेले असेल.