कुलूप आणि शेजार

सुटीचे दिवस आले की पोलिसांचे आवाहन ठरलेलेच असते: मौल्यवान वस्तू घरात ठेवू नका, गावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. पहिला उपदेश नागरिक पाळतात. दुसरा पाळावा, तर शेजाऱ्याचे नावही अनेकांस ठाऊक नसते! घरफोडीच्या प्रश्नाचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

चोरीच्या हेतूने दिवसा केलेल्या घरफोडीस १० वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत कारावास, असा भेद १८६० च्या दंडसंहितेने केला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३१ व्या कलमातही तो कायम आहे. रात्री घरधनी निद्राधीन, म्हणून असहाय, हा विचार रास्तच होय. परंतु पतिपत्नी नोकरीवर आणि मुले शाळेत, अशा घराची असहाय वेळ भर दुपारची असते.

चाळीत अनोळखी पाऊल वाजताच 'कोण पाहिजे?' असा प्रश्न येई. तो प्रश्न हाच पहारा होता. कॅमेरा चोराची छबी टिपतो. त्याला हटकत नाही. तुटपुंज्या पगारावर बारा तास उभ्या असलेल्या रखवालदारावर सारा भार टाकणे, हीदेखील जबाबदारीची टाळाटाळच होय.

गृहनिर्माण संस्थांनी कुलपे व कॅमेरे अवश्य बसवावेत. पण प्रत्येक मजल्यावर दिवसा घरी कोण असते आणि बंद घराकडे कोण लक्ष देणार, हेही सभेत ठरवावे. कायदा चोरामागून येतो; शेजारी मात्र चोराच्या आधीच दारात उभा असतो.